तातर उतरणार का?

गणपतीत माझा घसा दरवर्षी बसतो. यंदा तो आडवाच झाला. विसर्जनाच्या आदल्या रात्री आमच्या दादरच्या चाळीत आरतीतला शेवटचा ‘ई’ कोण जास्त लांबवतो यावरून माझी आणि तळमजल्यावरच्या काकांची जुंपली. काका सत्तरीचे. जिंकले. सकाळी ‘चहा’ म्हणायला तोंड उघडलं, तर आतून नुसता वारा आला.

डॉक्टरांनी कापडात धरून माझी जीभ बाहेर ओढली, लांब दांड्याचा आरसा घशात सरकवला आणि म्हणाले, “ई म्हणा.” पुन्हा ई! घशात आरसा घालून स्वरतंतू बघायची ही युक्ती गाजवली ती मान्वेल गार्सिया नावाच्या गाण्याच्या मास्तरांनी. 1854 साली त्यांनी दातांच्या डॉक्टरचा आरसा आणि ऊन यांच्या मदतीने स्वतःचाच गळा गाताना पाहिला. 101 वर्षं जगले. त्यांच्या इमारतीत आमचे काका नसावेत.

“स्वरतंतू सुजलेत,” डॉक्टर म्हणाले. तंतू कसले, सतारीच्या तारा समजत होतो मी. आहेत त्या पेराएवढ्या दोन ओलसर घड्या. फुप्फुसातून येणारी हवा त्यांना उघडते, त्या पुन्हा मिटतात, असं पुरुषांत सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, बायकांत दोनशेच्या आसपास. सुजल्या की मिटत नाहीत. मग आवाज कुठला, गळकी बादली.

“पाच दिवस मौन. खाकरायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानंही ताण येतो.”

दोन दिवस पाळलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चर्चगेटहून फास्ट पकडली आणि मुंबई सेंट्रल गेल्यावर लक्षात आलं, की पुढच्याला विचारल्याशिवाय मुंबईत माणूस उतरू शकत नाही.

शाळेत क-ख-ग-घ पाढ्यासारखं घोकलं होतं, पण तो तोंडाचा नकाशा आहे हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. कंठातून सुटलेली गाडी टाळू, मूर्धा, दात करत ओठांवर, म्हणजे विरारला पोचते. आणि क अन् ग एकाच फलाटावर उभे असतात. फरक इतकाच, की ग म्हणताना स्वरतंतू थरथरतात. तसाच त आणि द. तसाच प आणि ब. कुजबुजताना थरथर बंद, त्यामुळे ग गेला, द गेला, ब गेला.

मी पुढच्या सॅकवाल्याच्या कानाशी लागलो. “तातर?”

त्याने वळून बघितलं. “क्या?”

“तातर उतरणार का?”

“तातर किधर आता है?” त्याने शेजाऱ्याला विचारलं. शेजाऱ्याने मोबाइल काढून शोधायला घेतलं. तेवढ्यात दादर आलं. चढणाऱ्यांची लाट आत आली आणि मला घेऊन पार पलीकडच्या दाराशी गेली. ‘अरे थांबा’ हेही ओरडायचं तर स्वरतंतू लागतात.

बांद्र्याला उतरलो तोवर बायकोचा फोन. “किती वेळ? कुठे आहेस?”

मौन गेलं खड्ड्यात. सगळा जीव एकवटून कुजबुजलो, “पांत्र्याला!”

पलीकडे क्षणभर शांतता.

“पंढरपूरला? अरे, निदान सांगून तरी जायचंस!”