हेलियम-३: एका किलोसाठी पावणेपाच एकर चंद्र

चांद्रमोहीम निघाली की एक मजकूर हमखास फिरतो: ‘चंद्राच्या मातीत हेलियम-३ (हेलियमचा हलका, दुर्मीळ प्रकार) ठासून भरलंय. वीस-बावीस टन आणलं की भारताला वर्षभर वीज. किरणोत्सर्ग शून्य. चंद्रयानाने ते शोधलंय, आता फक्त आणायचं बाकी आहे.’ यातला एक आकडा बरोबर आहे, म्हणूनच बाकीचं खपून जातं.

तो आकडा आधी. हेलियम-३ आणि ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) यांच्या संमीलनात, म्हणजे दोन अणुकेंद्रं एकत्र येण्यात, दर वेळी १८.३ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा सुटते. म्हणजे हेलियम-३ च्या किलोमागे सुमारे १६ कोटी युनिट उष्णता. तिच्यातून निम्मी वीज मिळाली तर ८ कोटी युनिट. देशाची वार्षिक वीजनिर्मिती १,७०० अब्ज युनिटांच्या वर आहे, तेव्हा वीस-बावीस टनांचा हिशेब जुळतो.

‘ठासून भरलंय’ मात्र साफ चूक. सौरवाऱ्याने आणलेले हे अणू मातीच्या कणांच्या अगदी वरच्या थरात, मायक्रॉनच्याही अंशाइतके खोल रुतलेले असतात. अमेरिकेच्या अपोलो मोहिमांनी आणलेल्या नमुन्यांत त्यांचं प्रमाण अब्जात काही भाग इतकंच निघालं. इल्मेनाइट (लोह आणि टायटॅनियमचं खनिज) भरपूर असलेल्या चांगल्या मातीत अब्जात साधारण १०. तेच धरा. एका किलोसाठी १ लाख टन माती, तीही एक अणू न निसटता. तीन मीटर खोल खणलं तर पावणेपाच एकर. वीस टनांसाठी २०० कोटी टन: भारतात वर्षाला निघणाऱ्या कोळशाच्या जवळपास दुप्पट.

वायू बाहेर निघावा म्हणून ही माती ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची. १ लाख टनांना पावणेदोन कोटी युनिट उष्णता लागते. बाहेर पडणाऱ्या मातीची उष्णता आत येणाऱ्या मातीला दिली, तर हा खर्च पुष्कळ कमी होतो. त्यामुळे ऊर्जेच्या हिशेबावर हा बेत अडत नाही, हे मान्य करायला हवं. अडतो तो यंत्रांवर. चंद्रावर वारा-पाणी नाही, त्यामुळे कणांच्या कडा झिजत नाहीत. काचेच्या चुऱ्यासारखी ती धूळ सगळीकडे चिकटते. अपोलोच्या काही नमुनापेट्यांच्या सीलमध्ये धूळ अडकली आणि आतली निर्वात पोकळी टिकली नाही. त्या पेट्या एकदा बंद करायच्या होत्या. इथे तापलेल्या भट्टीत टनावारी माती सतत आत-बाहेर करायची, आणि फटीतून वायू जाऊ द्यायचा नाही. शिवाय एका किलोबरोबर काही टन हायड्रोजन आणि काही टन साधा हेलियम येतो. बाकीचे वायू गोठवून काढता येतात. साध्या हेलियमपासून हेलियम-३ वेगळा करायला मात्र निरपेक्ष शून्याच्या दोन-अडीच अंशांजवळ उतरावं लागतं.

‘किरणोत्सर्ग शून्य’ हेही नाही. संमीलनाच्या भट्टीतले ड्यूटेरियमचे अणू आपापसातही भिडतात. त्यातून न्यूट्रॉन आणि ट्रिशियम (किरणोत्सारी हायड्रोजन) तयार होतात. प्रमाण कमी, पण कवच लागणारच.

आणि आणून घालायचं कशात? ड्यूटेरियम-ट्रिशियम हे संमीलनातलं सर्वांत सोपं इंधन. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत २.०५ मेगाज्यूल लेसर-ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल मिळाले. त्या लेसरसाठी ग्रिडमधून सुमारे ३०० मेगाज्यूल घेतले होते. फ्रान्समधला ईटर हा प्रायोगिक संमीलन प्रकल्प, ज्यात भारत भागीदार आहे, तोही याच इंधनासाठी आहे. हेलियम-३ ला तापमान याच्या कैक पट लागतं. त्यावर चालणारं वीजकेंद्र जगात एकही नाही.

चंद्रयानाबद्दल तर सरळ चूक माहिती आहे. चंद्रयान-१ च्या नोंदींतून पाण्याच्या रेणूंच्या खुणा मिळाल्या. २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलेल्या चंद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरने गंधक, ॲल्युमिनियम, लोह, टायटॅनियम नोंदवलं. त्याच्या दोन्ही उपकरणांपैकी एकही हेलियम-३ मोजणारं नव्हतं.

या मातीतलं खरं इंधनद्रव्य ऑक्सिजन आहे. वजनाने चाळीस टक्क्यांहून जास्त, आणि हायड्रोजनवर चालणाऱ्या रॉकेटच्या टाकीत सहा भाग ऑक्सिजनला जेमतेम एक भाग हायड्रोजन असतो. इल्मेनाइटवरून ९०० ते १,००० अंशांना हायड्रोजन सोडला की पाण्याची वाफ येते. पाण्याचं विघटन करून ऑक्सिजन ठेवायचा, हायड्रोजन परत भट्टीत. १०० किलो शुद्ध इल्मेनाइटमागे जास्तीत जास्त साडेदहा किलो. तापमान वर गेलं तर कण एकमेकांना चिकटून थर बुजतो आणि हायड्रोजन आत शिरत नाही. मातीतल्या गंधकाचा हायड्रोजन सल्फाइड होऊन पाण्यात उतरतो आणि विघटनाच्या यंत्रातला उत्प्रेरक निकामी करतो. म्हणून पाणी आधी शुद्ध करावं लागतं, आणि त्यासाठी गंधक किती आहे हे ठाऊक असावं लागतं. प्रज्ञानची ती नोंद इथे कामाची आहे.