चेक, शह आणि क्यू-यू-ई

'चेक करून सांगतो' हे वाक्य ज्याने पहिल्यांदा मराठीत आणलं त्याला एका शुक्रवारी भर दुपारी म्हापशाच्या बाजारात पार्किंग शोधायला पाठवायला हवं. प्लंबर चेक करून सांगतो, इंटरनेटवाला चेक करून सांगतो, पंचायतीतला क्लार्क तर फाईल समोर उघडी असताना चेक करून सांगतो, आणि सगळ्यांचा अर्थ एकच, फाल्यां यो, म्हणजे उद्या ये.

तर झालं असं की बाबांच्या नावाने विम्याचा चेक आला. रक्कम काही फार नाही, पण बाबांना तो स्वतः जाऊन बँकेत भरायचा होता, ड्रॉप बॉक्सवर त्यांचा विश्वास नाही. आमचं आडनाव नायक. पण बाबा जन्मले पोर्तुगीज अमदानीत, त्यामुळे जन्मनोंदणीत आणि पासबुकात नायकच्या शेवटी क्यू-यू-ई असं लांबलचक शेपूट आहे, आणि चेकवर आपला साधा के. काउंटरवरच्या मुलीने चेक उजेडात धरला, उलटा केला, परत सुलटा केला आणि म्हणाली, "काका, नाव मॅच होत नाही हो. चेक चेक करावा लागेल." हे ती अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाली, मला हसू आलं तर बाबांनी कोपर मारलं.

मग बाकड्यावर बसून करणार काय, मोबाईलवर या चेकचं कूळ शोधत बसलो. आणि गंमत म्हणजे हा शब्द मुळात फारसी निघाला. शाह म्हणजे राजा. बुद्धिबळात राजावर हल्ला आला की 'शाह' म्हणून बजावायचं, महाराज सांभाळा. तो शाह अरबीतून लॅटिन, लॅटिनमधून फ्रेंच असा मजल दरमजल करत इंग्लंडात पोचला आणि चेक झाला. आपण मराठीत मात्र शह म्हणून तो केव्हाच घेऊन ठेवलाय, वर काटशह स्वतःचा जोडलाय, आणि तरी बँकेत त्याच शब्दासाठी टोकन घेऊन बसलोय. राजा अडला म्हणून चेकचा अर्थ झाला अडवणे, अडवून बघतात म्हणून तपासणे. आमचा क्रम उलटा, आधी तपासणार म्हणतात आणि मग अडवतात.

बुद्धिबळाच्या पटावरून चौकड्यांच्या कापडालाही चेक म्हणायला लागले. बाबा म्हणाले, पोर्तुगीजमध्ये पण तसंच, शदरेश म्हणजे बुद्धिबळ आणि शदरेश म्हणजे चौकडे. लहानपणी शाळेत शिकलेलं पोर्तुगीज त्यांना अशा वेळीच आठवतं, बिल भरायच्या वेळी नाही. म्हणजे आपली लाल-पांढऱ्या चौकड्यांची कुणबी साडी, जी फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सने रॅम्पवर नेली, तिच्या वर्णनात 'चेक्स' म्हटलं की इराणचा शाह आलाच की. शेतात भात लावणाऱ्या बाईला हे सांगितलं असतं तर तिने मला विळा दाखवला असता.

पैशाचा चेकही त्याच घरातला. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब पटासारखे चौकोन असलेल्या कापडावर सोंगट्या सरकवून करायचे, म्हणून त्या खात्याला एक्सचेकर नाव पडलं, आणि आजही तिथल्या अर्थमंत्र्याला चान्सलर ऑफ द एक्सचेकर म्हणतात. बँकेच्या कागदाला चेक म्हणायचे ते खोटेपणा पकडायला ठेवलेल्या स्थळप्रतीमुळे, आणि त्याचं ब्रिटिश स्पेलिंग नंतर या एक्सचेकरच्या नादाने बदललं, शेवटी क्यू-यू-ई! मी बाबांना म्हटलं, बघा, तुमच्यासारखंच शेपूट चेकलाही आहे, फक्त त्याच्याकडे कोणी आधार कार्ड मागत नाही.

या शब्दाने गोव्यात तर कहर केलाय. हद्दीवरची पत्रादेवी ओलांडली की पुढे महाराष्ट्रात बांद्याला चेकनाका, तिथे डिकीत काजूची पिशवी असली तरी माणूस फेणीची बाटली असल्यासारखा घाम पुसतो. रस्त्यात समोरच्याने हेडलाईट मारला की समजायचं पुढे चेकिंग, मग मागे बसलेली मंडळी मांडीवरची हेल्मेट डोक्यावर चढवतात. हॉटेलात चेक-इन, चेक-आऊट. ज्या खेळातून हे सगळं आलं त्यात आपली भक्ती कुलकर्णी २०२२ च्या चेन्नई ऑलिम्पियाडला ब्राँझ घेऊन आली, लिऑन मेंडोन्सा ग्रँडमास्टर झाला. त्यांनी चेक दिला की समोरचा निदान लगेच हलतो तरी.

आमचं टोकन तेवढ्यात लागलं. मुलीने मॅनेजरना विचारून सांगितलं की दोन्ही नावांचा माणूस एकच आहे असं ॲफिडेव्हिट आणा, आणि हो काका, चेक तारखेपासून तीनच महिने चालतो. बाबांनी शांतपणे विचारलं, "आणि माणूस?" ती बिचारी कीबोर्डकडे बघायला लागली.

मग नोटरीकडे. तिथला टायपिस्ट झपाझप टाईप करतो, मान वर करत नाही. शंभर रुपये कमी करा म्हटलं तर ऐकूच आलं नाही त्याला. कागद हातात आला, शिक्के ओले होते, बाबांनी चष्मा लावून वाचला आणि माझ्याकडे सरकवला. एक नायक केवाला, दुसरा क्यू-यू-ईवाला, आणि खाली सहीच्या जागी टायपिस्टने स्वतःच्या मनाने तिसराच घातला होता, आयच्या जागी वाय.

"राहू दे," बाबा पेन उघडत म्हणाले, "हा पण मीच."