सही खोटी नव्हती, दादा

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करून घरी आल्यावर वाचला. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी दोन तास बसवून ठेवलं, मालकीण सगळ्यांसमोर ओरडली, दीडशे रुपये घेतले आणि ‘हिरवी टिक दाखवून खोटी सही करून दिली, घरी फाइल उघडली तर पिवळं प्रश्नचिन्ह’ असं लिहून तुम्ही एक स्टार दिलात. ताटकळत बसावं लागलं त्याबद्दल माफ करा. माझा आवाज चढला त्याबद्दलही मनापासून माफी मागते. पण ‘खोटी सही’ हे शब्द माझ्या घशाखाली उतरत नाहीत. आमच्या गोव्यातल्या डिचोलीत सगळे एकमेकांना ओळखतात. लोकांचे सरकारी फॉर्म भरून देणाऱ्या दुकानाबद्दल असं कोणी वाचलं तर उद्या माझ्याकडे कागद घेऊन कोण येईल?

मुळात ती डिजिटल सही आम्ही केलेलीच नाही. ती तुमच्या टोकनमधून, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या त्या सहीच्या साधनातून, तुमच्या पिननं, तुमच्याच हातानं झाली. आमच्या मुलीनं फॉर्ममधली सहीची चौकट उघडून दिली, एवढंच. टोकनच्या आत जी गुप्त किल्ली असते ती बाहेर काढता येत नाही, तिची नक्कल करून ठेवता येत नाही. मग खोटी सही मी आणू कुठून?

आता पिवळ्या प्रश्नचिन्हाचं. ‘सही खोटी आहे’ असं ते म्हणत नाही. ‘या माणसाची हमी ज्यानं घेतली त्याला मी ओळखत नाही’ एवढंच तो कॉम्प्युटर सांगत असतो. ही सही तुमचीच असल्याचं डिजिटल प्रमाणपत्र एका परवानाधारक कंपनीनं दिलंय. त्या कंपनीला परवाना देतो केंद्र सरकारचा नियंत्रक, ज्याला सगळे सीसीए म्हणतात, 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली. या साखळीच्या अगदी वरच्या टोकाला ‘सीसीए इंडिया’ नावाचं मूळ प्रमाणपत्र असतं. आमच्या दुकानातल्या मशीनवर पीडीएफ उघडणाऱ्या अ‍ॅक्रोबॅट रीडरला ते आम्ही केव्हाच ओळखीचं करून दिलंय, म्हणून तिथे हिरवी टिक आली. तुमच्या घरच्या लॅपटॉपला ते कोणी सांगितलेलंच नाही. ही ओळख फाइलबरोबर पेनड्राइव्हमधून जात नाही, ज्या त्या कॉम्प्युटरवरच राहते. पटत नसेल तर स्वतःचं आधार डाउनलोड करून त्याच लॅपटॉपवर उघडून बघा, त्यावरच्या सहीलाही हेच पिवळं चिन्ह दिसेल. आधार खोटं असतं का? सहीनंतर खरंच कोणी मजकुरात हात घातला असता तर लाल फुली आली असती. ती आलेली नाही.

घरी असं करा. सहीवर राइट क्लिक करून ‘शो सिग्नेचर प्रॉपर्टीज’ उघडा, त्यात ‘शो सायनर्स सर्टिफिकेट’. डाव्या बाजूला नावांची उतरंड दिसेल. तुमचं नाव सगळ्यात खाली असेल. सगळ्यात वर ‘सीसीए इंडिया’ आहे ना हे नीट वाचा, तेच निवडा, मग ‘ट्रस्ट’मध्ये जाऊन ‘अ‍ॅड टु ट्रस्टेड सर्टिफिकेट्स’ दाबा. ओके केल्यावर पुन्हा ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’. वर भलतंच नाव दिसलं तर मात्र काहीही दाबू नका, मला फोन करा.

दोन तास का लागले तेही लिहिते, कारण वाचणाऱ्याला वाटेल आम्ही गप्पा मारत होतो. तुमच्या भागीदारांनी मडगावहून सही करून पाठवलेला फॉर्म तुम्ही प्रिंट काढून, पेनानं तारीख घालून, पुन्हा स्कॅन करून आणला होतात. स्कॅन केलं की त्या सहीचं नुसतं चित्र उरतं, तपासण्यासारखं आत काही राहत नाही. म्हणून मूळ फाइल मागवावी लागली. भागीदार गाडी चालवत होते, ईमेल यायला पाऊण तास गेला. मग तुम्ही म्हणालात, पत्त्यातला पिनकोड तेवढा बदलून दे. सही झालेल्या कागदात मी मजकूर बदलला असता तर त्यांची सही तिथल्या तिथे बाद झाली असती. त्यांना परत फोन, त्यांची दुरुस्ती, त्यांची पुन्हा सही. त्यात तुमच्या टोकनचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, आमच्याकडे नव्हता, तो घालायला आणखी दहा मिनिटं. हे सगळं होईपर्यंत एकाही गिऱ्हाइकाला आम्ही तुमच्यापुढे घेतलं नाही.

आणि ओरडले कधी? दोनदा पिन चुकल्यावर तुम्ही तो भरल्या दुकानात मोठ्यानं सांगून ‘तूच घाल’ म्हणालात, तेव्हा. मी ‘थांबा!’ म्हटलं. ठराविक वेळा पिन चुकला की टोकन लॉक होतं, आणि तुमच्या मागे पाच माणसं उभी होती. नंतर टोकन आमच्याकडेच ठेवून जायचं म्हणालात, त्यालाही मी नाही म्हटलं. कायद्यानं ती किल्ली ज्याची त्यानंच सांभाळायची असते. ठेवून घेतलं असतं तर तुम्हाला सोयीचं झालं असतं, मलाही चार कामं जास्त मिळाली असती. पण ते टोकन म्हणजे तुमचा सही करणारा हात आहे. तो मी माझ्या ड्रॉवरमध्ये नाही ठेवणार.

2012 साली खाणी बंद पडल्या आणि आमचा ट्रक अंगणात उभा राहिला. त्यानंतर दागिने गहाण ठेवून हे दुकान मांडलं. एक कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर. तेव्हापासून कोणाच्या कागदात मी एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं नाही. दीडशे रुपये त्या दोन तासांचे होते, हिरव्या टिकेचे नव्हते.

घरी पिवळं चिन्ह दिसू शकतं हे आमच्या मुलीनं तुम्हाला निघताना सांगायला हवं होतं. ती चूक आमची, मान्य आहे. आता दरपत्रक लावतोय, मराठीत माहितीचा एक कागदही काढू, गर्दीच्या दिवसांचंही काहीतरी बघतो.

तुम्ही लॅपटॉप घेऊन या, मी स्वतः समोर बसून हिरवी टिक आणून देते, पैसे नकोत. ती दिसल्यावर तो ‘खोटी’ शब्द तेवढा काढा, स्टार एकच ठेवा हवा तर. तुमच्या टोकनचं निळं टोपण काउंटरवर राहिलं होतं, ते पाकिटात घालून तुमच्या नावानं ठेवलंय.