"गावाकडची भावनिक गोष्ट" म्हणणाऱ्या सरांना

सर, तुमची कमेंट तीनदा वाचली, उत्तर द्यायचं नव्हतं पण रात्री झोप नाही लागली म्हणून देतो. अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये चांगल्या हाताचा सर्जन जवळ असेल तर रोबोटच्या ऑपरेशनची वाट पाहत बसू नका, ओपन म्हणजे छाती-पोट उघडून करतात ते करून घ्या, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की नेदरलँड्सच्या 2019 च्या अभ्यासात ओपनवाल्या 58 टक्के पेशंटला फुफ्फुसाचा त्रास झाला अन् रोबोटवाल्या 32 टक्क्यांना, रक्तही कमी गेलं, दुखणंही कमी, आणि "गावाकडची भावनिक गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे".

एक चूक कबूल. रोबोट आपोआप कापतो असं मी लिहिलं ते चुकलं. सर्जन बाजूला कन्सोलवर, म्हणजे त्याच्या कंट्रोलच्या मशीनवर, बसून तो चालवतो. वाक्य बदललं, झालं समाधान?

आता "गावाकडची". काहून हो सर, गावाकडच्या माणसाला अन्ननलिका नसते का? माझे मोठेबाबा, यवतमाळ जिल्ह्यातले, चाळीस वर्षं खर्रा (तंबाखू-सुपारीचा), आधी पोळी अडकायला लागली मग भात मग पाणी, आणि आम्ही दोन महिने ॲसिडिटीच्या गोळ्या देत बसलो. केमो-रेडिएशन झालं, मग 2017 च्या दिवाळीनंतर, ऐन वेचणीत, नागपूरला ऑपरेशन. छाती उघडली, पोट उघडलं, जठराची नळी करून वर मानेपर्यंत ओढली, तिथं जोड दिला. बाहेर बाकड्यावर आठ तास मी बसलो होतो, तुम्ही नाही. नंतर न्यूमोनिया झाला, नऊ दिवस आयसीयू, तो काय कोणालाही होतो. फुफ्फुसाच्या व्यायामाचं ते तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर फुंकायला बुढा तयार नव्हता, पहिली गोळी वर जायची, दुसरी हलायचीच नाही, शेवटी मोठीआई रागावली तेव्हा फुंकलं. पोटातल्या नळीतून सिरिंजनं डाळीचं पाणी मी स्वतः दिलं, महिनाभर. हा पुरावा नाही तर काय आहे बाप्पा? आज माणूस उशाला दोन उशा घेऊन झोपतो, थोडं थोडं सहा वेळा जेवतो आणि बांधावर उभा राहून गड्याला शिव्या देतो.

रोबोटसाठी आम्हाला मुंबई सांगितली होती. तिथं राहायचं कुठं, जोड लीक झाला तर रात्री दोन वाजता पळायचं कुठं, हे तुमच्या टक्केवारीत येत नाही.

बाकी आकड्यांचं म्हणाल तर तो अभ्यास 112 पेशंटचा, एकाच शहरातल्या एकाच दवाखान्याचा, आणि कॅन्सर काढण्यात दोन्ही सारखेच निघाले हे तुम्ही सोयीनं गाळलं. दुर्बिणीच्या ऑपरेशनबद्दल तुम्ही विचारलं, छाती न उघडता तेही होतं आणि रोबोटही लागत नाही, तर लेखात ते काहून नाही म्हणून. तो विषयच वेगळा आहे, त्यात मी आता पडत नाही.

अन् हो, कमेंटच्या शेवटी "जबाबदारीनं लिहा" आहे ना, ते तुमच्या घरच्या लेकरांना सांगा. राग आला असेल तर माफी, पण कमेंट मी डिलीट केली नाही, वर तशीच आहे, कोणीही वाचावी. मोठेबाबांना वाचून दाखवली तर म्हणाले, "त्याले म्हणा एकदा गावाले ये, चहा पाजतो." मी नाही म्हणत, ते म्हणतात.