तीन मोफत सिलिंडर: खुलासा

‘पिवळं-केशरी रेशनकार्ड दाखवा, वर्षाला तीन गॅस सिलिंडर फुकट मिळवा’ हा फिरणारा संदेश चुकीचा आहे. हे सिलिंडर देणाऱ्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेचा ३० जुलै २०२४ चा शासन निर्णय वाचला, तर कार्डाचा रंग पुरेसा नाही हे दिसतं. महिला उज्ज्वला किंवा लाडकी बहीण योजनेची लाभार्थी हवी आणि गॅसजोडणी तिच्याच नावावर हवी. लाभ अनेकदा इथेच अडतो, कारण जोडणी नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्यांच्या नावावर असते. एका रेशनकार्डावर एकच लाभार्थी, सिलिंडर १४.२ किलोचंच, महिन्याला एकापेक्षा जास्त नाही. आणि ‘फुकट’ म्हणजे दारात फुकट नव्हे: घेताना पूर्ण पैसे मोजायचे, रक्कम नंतर बँक खात्यात जमा होते. जुना संदेश पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.