प्रमाणपत्रं वाढली, तरी गेटवरची परीक्षा काही सुटली नाही

आमच्या नाशिकच्या अंबड एमआयडीसीत हल्ली नोकरी मागायला येणाऱ्या पोरांच्या फाइली जाड झाल्यात. पूर्वी दहावीचं मार्कशीट आणि आयटीआयचं सर्टिफिकेट, संपलं. आता त्यात एक दोनशे तासांचा कोर्स, एक तीनशे तासांचा, कुठल्या तरी शिबिराचं प्रशस्तिपत्र. सगळं क्यूआर कोडवालं, लॅमिनेट केलेलं.

आमचं फॅब्रिकेशनचं काम. भरती बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात असते. फाइल बघून झाली की पोराला शेडमध्ये नेतो, दोन प्लेटा देतो आणि सांगतो, उभ्यात वेल्डिंगचा जॉइंट मार. टॅक, म्हणजे प्लेटा धरून ठेवणारे छोटे टाके, मारतानाच निम्मं कळतं. मग तो जॉइंट व्हाइसमध्ये धरायचा आणि हातोड्याने वाकवायचा. उकलला तर आत स्लॅग, म्हणजे वेल्डिंगचा मळ, अडकलेला दिसतो, जॉइंटच्या तळापर्यंत माल पोचलेलाच नसतो. अर्ध्या तासाचं काम. एकाही कागदाने हा अर्धा तास वाचवलेला नाही, ही माझी तक्रार आहे. कोणीतरी तपासलंय असं ज्याच्यावर लिहिलंय, ते आम्हाला पुन्हा तपासावं लागत असेल तर तो कागद नक्की कशाचा?

आयटीआयची कारागीर प्रशिक्षण योजना 1950 ची आणि तिचं प्रमाणपत्र देणारी राष्ट्रीय परिषद, एनसीव्हीटी, 1956 ची. फिटरला दोन वर्षं. पहिले कित्येक आठवडे पोरगं नुसती कानस चालवतं. एक बाजू घासायची, गुण्या लावायचा, उजेडाकडे धरायचं. फटीतून उजेड आला की निदेशक काही न बोलता तुकडा परत देतात. हात असाच बसतो, त्याला दुसरा रस्ता नाही. आयटीआयत सगळं गोड आहे असं अजिबात नाही. जुनी मशीन, निदेशकांच्या रिकाम्या जागा, थिअरीची परीक्षा म्हणजे कॉम्प्युटरवर पर्याय टिचकवणं. आणि विद्यावेतन तर 2023 पर्यंत महिन्याला 40 रुपये होतं! तेव्हा कुठे ते 500 झालं. तरीही रेल्वे असो की महावितरण, भरतीच्या जाहिरातीत आजही हाच कागद मागतात.

मग 2013 च्या डिसेंबरात कौशल्यांच्या पातळ्या ठरवणारी राष्ट्रीय चौकट आली, 2015 च्या जुलैत पंतप्रधान कौशल्य विकास योजना. पूर्ण ट्रेडऐवजी एकेका कामापुरतं प्रमाणपत्र. कल्पना वाईट नव्हती. ज्याला दोन वर्षं न कमावता शिकणं परवडत नाही त्यानं काय करायचं, हा प्रश्न खराच होता. आता त्याहून बारीक तुकडे पडतायत, तीस तासांचं एक क्रेडिट वगैरे. असो.

गोम पैशात आहे. या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात प्रशिक्षण केंद्राला पैसे असे मिळायचे: 30 टक्के बॅच सुरू झाल्यावर, 50 टक्के प्रमाणपत्र मिळाल्यावर, 20 टक्के नोकरी लागल्यावर. म्हणजे पोरगं कामाला लागण्याआधीच शंभरातले ऐंशी रुपये केंद्राच्या खिशात. उरलेल्या वीससाठी कोण कंपन्यांचे उंबरे झिजवणार? चौथ्या टप्प्यात तर अल्पमुदतीच्या कोर्सनंतर नोकरी लागली का, हे बघणंही सोडून दिलं. ज्याचे पैसे मिळतात तेच पिकतं, आणि इथे प्रमाणपत्रं पिकली. 2025 च्या डिसेंबरात कॅगचा अहवाल संसदेत आला, त्यात या योजनेच्या नोंदींची लक्तरंच निघाली. लाभार्थ्यांच्या बँक खात्याच्या रकान्यात नंबर म्हणून नुसतं 1111, कुठे एकच फोटो अनेकांना. आमच्याकडे हजेरीपटात असं कुणी केलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी.

सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती आरपीएलची. अनुभवातून शिकलेल्याला प्रमाणपत्र, ही या सगळ्यातली सोन्यासारखी कल्पना. आमच्याकडे एक काका आहेत, डोळे मिटून पाइपाचा जॉइंट मारतील, पण शिक्षण सातवी. त्यांना असा कागद मिळाला तर दुसरीकडे भाव करता येईल, पोराला सांगता येईल. ते एका शिबिराला जाऊन आले. थोडं लेक्चर, काही प्रश्न, ग्रुप फोटो. वेल्डिंगचा होल्डर हातात घ्यायला कुणी सांगितलंच नाही. प्रमाणपत्र मात्र आलं. तेच प्रमाणपत्र कालपरवा लागलेल्या हेल्परलाही आलं. काकांनी ते कपाटात टाकलं आणि परत कधी विषय काढला नाही.

जर्मनीत तीन-साडेतीन वर्षं पोरगं कारखान्यात आणि शाळेत आलटून पालटून शिकतं, आणि शेवटची परीक्षा शाळा घेत नाही. ती तिथल्या उद्योगांचं चेंबर घेतं. परीक्षकांत कारखान्यातली माणसं असतात, उद्या ज्यांच्या शेजारी हे पोरगं उभं राहणार आहे ती. आपल्या राज्याने 2024 मध्ये बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल माणसं पाठवायचा करार केलाय. तिथे परदेशी प्रमाणपत्र तपासताना किती काळ आणि काय शिकलात हे त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतात. तीनशे तासांचा कागद घेऊन तिथल्या दारात उभं राहिल्यावर काय होईल, विचार करा.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी एक गोष्ट आहे, 1961 च्या कायद्यातली अप्रेंटिसशिप. ‘अप्रेंटिस झालेला आहे’ म्हटलं की गेटवरचा सुपरवायझरसुद्धा जरा सरळ बसतो, कारण कुठल्या तरी कारखान्याने त्याला वर्षभर सांभाळलेलं असतं. त्यातही स्वस्तात माणूस मिळाला म्हणून झाडू मारायला लावणारे मालक आहेत, मला माहीत आहेत. पण निदान मशीनच्या आवाजात वर्ष गेलेलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रमाणपत्रावर पैसे देणं बंद करा. पोरगं सहा महिने एका जागी टिकलं, पीएफमध्ये नाव दिसलं, की द्या. परीक्षेला जवळच्या कारखान्यातला फोरमन बसवा, त्याला त्या दिवसाचे पैसे द्या आणि नापास करायची मोकळीक द्या. आरपीएलला लेक्चर नको, दोन प्लेटा द्या.

चाकण, वाळूज, बुटीबोरीकडची मंडळी असतील तर सांगा, तुमच्या गेटवर यातला कुठला कागद बघून टेस्ट माफ होते का? आणि प्रशिक्षण केंद्र चालवणारे कुणी असाल आणि माझं पटत नसेल, तर तुम्हीही लिहा. भांडण नाही, पण एकदा बॅचमधली चार पोरं घेऊन शेडमध्ये या, चहा आमच्याकडून.