साठ हजार कमावणारी कचरावेचक मला दाखवा

गेल्या मंगळवारी आईने आमच्या कचरावेचक ताईंना दारातच विचारलं, "तुम्हाला म्हणे महिन्याला साठ हजार मिळतात?" ताईंनी बादली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मग काकू, तुमच्या शेजारचाच फ्लॅट बघा की माझ्यासाठी." दोघी हसल्या. मला हसू आलं नाही, कारण हे आईच्या डोक्यात कुठून शिरलं ते मला ठाऊक होतं.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी एक मेसेज टाकलाय. 'गरीब गरीबच का राहतो? कटू पण सत्य.' खाली पाच मुद्दे, शेवटी जोडलेले हात आणि 'पटलं तर पुढे पाठवा'. पंधरा दिवसांत तोच मेसेज मला नातेवाइकांच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवरही आला. तेवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो, कुठे कुठे भांडणार? पण त्याच मेसेजच्या जोरावर आता सभेच्या नोटिशीत विषय आलाय: 'कचरावेचकांना द्यावयाचा मासिक आकार बंद करणेबाबत'. म्हणून हे लिहिणं आलं.

पहिला मुद्दा असा: 'जो मनापासून कष्ट करतो तो गरीब राहूच शकत नाही.'

हे लिहिणाऱ्याने पहाटे मार्केट यार्डात एक चक्कर मारावी. मी आठ वर्षं तिथे एका गाळ्यावर दिवाणजी होतो. ट्रक लागला की हमालांची टोळी कामाला भिडायची. पाठीवर पोतं, फळीवरून खाली, थप्पीवर, पुन्हा ट्रककडे. कष्टाने श्रीमंत होता आलं असतं तर गाळे हमालांचे असते आणि शेटजी फळीवर असते. हमालाचं दुखणं कष्टाच्या कमतरतेचं कधीच नव्हतं. त्याला मालकच नव्हता, हे दुखणं होतं. आज या गाळ्यावर, उद्या त्या. पाठ गेली तर कुणाकडे जायचं? आजारी पडला तर त्या दिवसाची मजुरी बुडाली, आणि पन्नाशीनंतर पोतं उचलेना झालं की विषय संपला. पगारदार माणसाच्या आयुष्यात गृहीत असलेल्या सगळ्या गोष्टी, म्हणजे फंड, बोनस, ग्रॅच्युइटी, भरपगारी सुट्टी, या माणसाच्या वाट्याला येण्याचा रस्ताच नव्हता.

तो रस्ता पुण्यात आणि मुंबईत कष्टकऱ्यांनी स्वतः पाडला. बाबा आढावांनी पन्नासच्या दशकात पुण्यात हमाल पंचायत, म्हणजे हमालांची संघटना, उभी केली. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना, म्हणजे डोक्यावर-पाठीवर ओझी वाहणाऱ्या कामगारांना, एकत्र आणलं. पुढे १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्याची युक्ती साधी आहे. गाळेवाला हमाली थेट हातावर टेकवत नाही, कायद्याने नेमलेल्या माथाडी मंडळात भरतो, आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही, म्हणजे जादा आकारही भरतो. महिन्याला मजुरी मंडळाकडून मिळते आणि लेव्हीतून फंड, बोनस, सुट्टी, औषधपाणी निघतं. मालक वीस असोत की दोनशे, कामगाराचं खातं एकच. हे चलन मी स्वतः भरलंय, आणि खरं सांगायचं तर तेव्हा कुरकुरतच भरलंय. पण त्या फंडावर टोळीतल्या लोकांची मुलं शिकताना मी पाहिली. पोतं पूर्वी होतं तेच होतं, फक्त त्याचा हिशेब कुणीतरी लिहून ठेवू लागलं होतं.

दुसरा मुद्दा, सगळ्यांचा आवडता: 'फुकट धान्य आणि लाडक्या बहिणीचे पैसे मिळायला लागल्यापासून कुणी कामाला येत नाही.'

लाडकी बहीण म्हणजे महिन्याला १५०० रुपये. दिवसाला पन्नास. रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य. पन्नास रुपये रोज आणि पाच किलो धान्यावर घरी बसून ऐष करणारी बाई कुणाच्या ओळखीत असेल तर तिच्याकडून आपण सगळ्यांनीच संसार शिकायला हवा. अंदाजावर जायचं नसेल, तर अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये नेमका हाच प्रश्न तपासलाय. मेक्सिको, इंडोनेशिया, फिलिपाइन्स, मोरोक्को वगैरे सहा देशांतल्या सात योजना त्यांनी घेतल्या, जिथे गरिबांना सरकारने रोख पैसे दिले होते. काही घरांना पैसे मिळाले, काहींना नाही, आणि ही विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी झाली होती. त्यामुळे 'ते लोक मुळातच वेगळे असतील' म्हणायची सोय नाही. पैसे मिळालेल्यांनी काम कमी केल्याचा पद्धतशीर पुरावा सापडला नाही. पुरुषांतही नाही, बायकांतही नाही. हे तेच बॅनर्जी, ज्यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा 'आई मराठी, माहेरची पाटणकर' म्हणून आपण याच ग्रुपांवर मिरवत होतो. त्यांची आई आपली, तर त्यांचे निष्कर्षही थोडे आपले मानायला हरकत नसावी.

सुगीत शेताला मजूर मिळत नाहीत, ही ओरड मात्र अगदीच खोटी नाही. माझा चुलतभाऊही तेच सांगतो. पण तो हेही सांगतो की मजुरी वाढवून दिली की माणसं येतात.

तिसरा मुद्दा रोजगार हमीचा: 'खड्डे खणायचे, खड्डे बुजवायचे, आमच्या टॅक्सवर.' खोट्या हजेरीपटांच्या भानगडी झाल्या, हे नाकारत नाही. पण १९७२ च्या दुष्काळात लाखो लोक जगले ते याच कामांवर, आणि विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहातून उभी राहिलेली ही योजना पुढे राज्यात कायदा झाली, तिच्याच धर्तीवर २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी कायदा केला. आणि 'आमचा टॅक्स' म्हणाल, तर पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात ना, तो व्यवसाय कर. वर्षाला २५००. तो १९७५ मध्ये आणला गेला तोच मुळी रोजगार हमीला पैसा उभा करायला. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या कामाला हातभार लावायचा, असा तो ठराव होता. पन्नास वर्षं कापला जातोय, आणि ग्रुपवरच्या एकाही नोकरदाराला तो कशासाठी हे माहीत नव्हतं. मी विचारून पाहिलं.

चौथा मुद्दा: 'माथाडी म्हणजे खंडणी, संघटना म्हणजे पुढाऱ्यांची दुकानं.' इथे मला दात-ओठ खात अर्धी मान हलवावी लागते. औद्योगिक वसाहतींत माथाडीचं नाव सांगून धमकावणारे, कामाला हात न लावता पैसे मागणारे टोळभैरव आहेत. त्याला खंडणी म्हणायचं आणि पोलिसांत जायचं. पण बनावट डॉक्टर सापडला म्हणून दवाखाने बंद करा असं कुणी म्हणत नाही. मंडळात नोंद असलेला, कार्ड असलेला हमाल आणि गेटवर उभा राहून दम देणारा गुंड यातला फरक यार्डातल्या चहावाल्या पोऱ्यालाही कळतो. मेसेज लिहिणाऱ्याला तो कळून घ्यायचा नाही, एवढंच. शिवाय 'कष्टाची भाकर' हीसुद्धा हमाल पंचायतीचीच. तिथे स्वस्तात पोटभर जेवून गेलेले आमच्या सोसायटीतही निघतील, विद्यार्थी असतानाचे. त्यांनी ते ग्रुपवर सांगायला हरकत नाही.

आता पाचवा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो: 'कचरा वेचणाऱ्या बायका महिन्याला साठ हजार कमावतात, दुमजली घरं बांधतात, आणि वर तुमच्याकडून पैसे घेतात. त्यांना एक रुपयाही देऊ नका. घंटागाडी फुकट येते.'

दिवाणजी माणूस आहे, हिशेबच मांडतो. आमच्या ताईंकडे साधारण दीडशे घरं. आमच्याकडे घरटी ऐंशी रुपये. सगळ्यांनी वेळेवर दिले (देत नाहीत, पण धरू) तर १२ हजार. साठातले उरले ४८ हजार, ते भंगारातून यायला हवेत. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज १,८४६ रुपये. पुठ्ठ्याला किलोमागे दहा रुपये धरा. म्हणजे एका बाईने रोज १८५ किलो विकाऊ माल गोळा करायचा, निवडायचा, ढकलगाडीवर घालून भंगारवाल्याकडे न्यायचा. दीडशे घरांत वाटलं तर प्रत्येक घरातून रोज सव्वा किलो. तुमच्या घरातून रोज सव्वा किलो पुठ्ठा निघतो?

मी आमचा तोलला. चार दिवस आईला सुका कचरा साठवायला लावला आणि भाजीच्या काट्यावर ठेवला. चिप्सची पाकिटं, थर्माकोल, तेलकट कागद, म्हणजे ज्याला भंगारवाला हात लावत नाही ते बाजूला काढल्यावर उरलं ६०० ग्रॅम. त्यात ऑनलाइन मागवलेल्या मिक्सरचं खोकंही आलं. रोजचे झाले दीडशे ग्रॅम. दीडशे घरांचे साडेबावीस किलो, म्हणजे २२५ रुपये. महिन्याचे ५,८५०, आणि ते बारा हजार. अठरा हजारांच्या आत. त्यातूनच गाडीचं चाक बदलायचं, पावसाळ्यातलं आजारपण काढायचं, आणि भंगाराचा भाव पडला की गप्प बसायचं. २००८ च्या मंदीत जगभर भंगाराचे भाव कोसळले तेव्हा उकिरड्यावरची बाईही त्यात सापडली.

या बायकांनी कुणाकडे हात पसरला नव्हता. कचराकुंडीत वाकून काम करायच्या, चोर समजून पोलीस हटकायचे. १९९३ मध्ये त्यांनी पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत काढली. सुरुवातीला मागितलं काय, तर ओळखपत्र. महापालिकेच्या मान्यतेचं ओळखपत्र मिळालं आणि तेव्हापासून ती बाई कामगार ठरली. मग त्यांची पतसंस्था आली, म्हणजे सावकाराच्या व्याजातून मान सुटली. स्वतःची भंगार दुकानं आली, म्हणजे काट्यात मारणं थांबलं. पुढे 'स्वच्छ' ही त्यांच्याच मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार झाला: दारोदार जाऊन कचरा घ्यायचा, ओला-सुका वेगळा करायचा, घरांनी महिन्याचा आकार द्यायचा. कुंडीतली बाई दारात आली. त्या आकाराला दान समजणाऱ्यांना सांगतो, तो या सेवेचा मोबदला आहे. भंगार विकून मिळतात ते पैसे कचरा निवडण्याचे. तुमच्या तिसऱ्या मजल्यावरून ओला कचरा खाली नेण्याचे पैसे भंगारवाला देत नाही.

निवडायचं म्हणजे काय, तेही ऐका. सॅनिटरी पॅड निदान कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, असं सांगत या बायकांना मोहीम काढावी लागली. सुशिक्षित घरांना हे सांगावं लागलं. आमच्याही मजल्यावर ठिपका काढणारं घर एकच आहे.

आणि 'घंटागाडी फुकट'! गाडीचं डिझेल, ड्रायव्हर, कंत्राट, सगळं मिळकत करातून जातं. बऱ्याच शहरांत कंत्राटदाराला टनावर पैसे मिळतात, म्हणजे कचरा जितका ओला, एकत्र आणि जड तितका त्याचा फायदा. ताईंचा फायदा याच्या उलट आहे. त्यांच्या हातून जे वेगळं निघतं ते कचरा डेपोत जात नाही, तुमच्या पैशाने वाहून न्यावंही लागत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही कचरावेचकांना या व्यवस्थेत सामावून घ्या, असं स्थानिक संस्थांना बजावलं होतं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. सेक्रेटरींनी उत्तर दिलं, "आकडे कसेही फिरवता येतात." बरं. रविवारी सभा आहे, विषय क्रमांक चार. मी भाजीचा काटा घेऊन येणार आहे. प्रत्येकाने आदल्या दिवशीचा आपापला सुका कचरा घेऊन यावा, सेक्रेटरींचा पहिला तोलू.